टायरच्या भुग्याचं मैदान

बोलण्याआधी उस्ताद हातातली टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी सळई, जमिनीवर आपटायचा. मग म्हणायचा, "बोल लवकर. न्हाय तर टाळकं फोडीन." तुमच्याही गावात असा एखादा असेल. आमचा नळदुर्गला हमरस्त्यावर होता. ट्रकचे झिजलेले टायर घासून त्यांवर नवा थर चढवायचा. एका ड्रायव्हरचे त्याने दात पाडले होते, दुसऱ्याचं मनगट मोडलं होतं. मी हायस्कुलातला ड्रिल मास्तर. मलाही त्याची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू?

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या मैदानात पळताना एक पोरगा मुरमावर पडला आणि त्याच्या गुडघ्याचं हाड दिसलं. कडेला उभ्या उस्तादने मला दंडाला धरून गदागदा हलवलं.

"मास्तर, पोरं पळवता का मारता?"

मग एकाएकी खालीच बसला. "पोलीस ॲक्शनच्या साली, निजामाचं राज्य गेलं तवा, आमच्या मुसलमानांच्या मागं लोक लागले होते. माझा धाकटा भाऊ असाच मुरमावर पडला. गुडघा फुटला, उठताच आलं न्हाय त्याला. कुऱ्हाडी पोचल्या. म्या पुढं पळत होतो."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दुकानात टायर घासताना पडणाऱ्या भुग्याची पोती मैदानात येऊ लागली. त्याने धावायची वाट उकरली, मुरमात भुगा मिसळला, वर जाड थर देऊन रूळ फिरवला. आत शिरलेल्या म्हशीलाही टॉमी बसली. शाळेच्या शर्यतींपर्यंत पोरांना पाऊल ठेवू देईना. काम आटोपलं की संध्याकाळी स्वतःच पळायचा, मुद्दाम आडवा पडायचा आणि खदाखदा हसायचा. "लई मऊ, मास्तर!" त्याच्या पायात टायरच्या चपला, माझ्या पायात कॅनव्हासचे बूट. पोरं अनवाणी पळतात, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

शर्यती भर दुपारी झाल्या. काळं रबर तव्यासारखं तापलं होतं. पहिल्याच वळणावर पुढचा पोरगा किंचाळून कोसळला. तळव्यांना फोड टरारले होते. त्याचा चुलता माणसं घेऊन धावला. उस्तादचीच टॉमी हिसकावून त्यांनी त्याला झोडपलं. आधी पाठ, मग दंड, मग तोंड. कोपर मोडल्याचा आवाज मी ऐकला. चौघांना लोळवणाऱ्या त्या माणसाने हात उचलला नाही. तोंडातून रक्त गळत असताना एकच विचारत राहिला.

"मास्तर, पोराचा गुडघा बघा. फुटला का?"

मी बघितला. भुग्याने काळा झाला होता, साधं खरचटलंही नव्हतं. पण चुलता टॉमी घेऊन समोर उभा होता. मी शिट्टी दातांत धरून गप्प राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

आठवड्याने दुकानाला कुलूप दिसलं. कुणी म्हणालं उमरग्याला गेला, कुणी म्हणालं सोलापूरला. लोकांनी वरचा थर खरवडून टाकला; मुरमात मिसळलेला भुगा तेवढा राहिला.

अजूनही पोरगं पडलं की मी धावत जातो, गुडघा बघतो आणि ओरडून सांगतो, "फुटला नाही!"

"एवढ्या मोठ्यानं कुणाला सांगता, मास्तर?" पोरं हसून विचारतात.