फोटो कोणी काढला?

"फोटो कोणी काढला ते आधी सांगा, पानाला नाव मी मग देते," असं आम्रपाली म्हणायची.

विश्रांतवाडीत वाढलेली, दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. कमर्शियल आर्ट शिकून तिने बरीच वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आलं. पाट्या यंत्रातून निघू लागल्या आणि तिचे ब्रश डब्यात वाळून गेले. त्याच सुमारास शहराच्या कडेला नव्या इमारती उठत होत्या. त्यांत राहायला आलेली कंपन्यांमधली माणसं जुने फोटो पिशवीत भरून तिच्याकडे येऊ लागली. त्यांना स्क्रॅपबुक हवं असे. फोटो कातरायचे, जाड पानावर मांडायचे आणि प्रत्येक पानाला नाव द्यायचं.

लोक नावं घेऊनच येत. 'सोनेरी क्षण', 'आठवणींचा ठेवा'.

"ही नावं तयार मिळतात दुकानात," ती म्हणे. "दहाच्या पाकिटात."

तिचा हिशेब वेगळा होता. फोटोतली माणसं फोटोत नसलेल्या एकाकडे बघत असतात. तो त्या क्षणी जे म्हणाला असेल, तेच पानाचं नाव. एका नव्या स्कूटरभोवती अख्खं कुटुंब उभं होतं. फोटो शेजाऱ्याने काढला होता. स्कूटर आधी त्याचीच होती, असं कळल्यावर तिने नाव दिलं, 'ब्रेक जरा जपून दाबा'. मालक आधी रागावला, मग पानं उलटताना पुन्हा पुन्हा तिथेच येऊ लागला.

दोन हजार सहा साली वाघोलीच्या नीरजाने तिला सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीसाठी पुस्तक करायला सांगितलं. नीरजा सॉफ्टवेअर कंपनीत होती, घाईत असे. कसबा पेठेतल्या जुन्या बिऱ्हाडाचे फोटो होते.

"कोणी काढले?"

"सगळे बाबांनी. कॅमेरा त्यांचाच होता, ताई."

आम्रपालीने सगळी नावं त्या सासऱ्यांच्या, तात्यारावांच्या, तोंडची दिली. 'रांगेत उभे राहा.' 'हसायचं नंतर.' शेवटच्या पानावर एकच फोटो होता. तात्यारावांच्या पत्नी सुशीलाबाई गॅलरीत मेथी निवडत होत्या आणि तोंडावर हात ठेवून हसत होत्या. तिरपं ऊन होतं. पुढे फरशीवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती, कोपर वर केलेली. सावली बारीक होती. संध्याकाळच्या सावल्या बारीकच असतात, असं म्हणून आम्रपालीने ती कातरली आणि त्या जागी पट्टी चिकटवली, 'सुशीला, वर बघ'.

समारंभाच्या दिवशी दुपारी ती पुस्तक घेऊन वाघोलीला गेली. आतल्या खोलीत तात्याराव पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज बाहेर येत होता. संध्याकाळी पाहुण्यांसमोर ते पुस्तक उघडणार होते.

सुशीलाबाईंनी शेवटचं पान पाहिलं आणि पट्टीवर बोट ठेवलं.

"ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही."

"मग काय म्हणायचे?"

"अगं. तेही काम असलं तर."

आम्रपालीच्या स्वतःच्या घरी वडिलांनी आईला कधी नावाने हाक मारली होती? हे तिला सुचायला हवं होतं.

"श्रीधरने काढलाय हा," सुशीलाबाई हळू म्हणाल्या. "माझा थोरला. शाळेत होता तेव्हा."

"आई," नीरजा म्हणाली, "आज नको."

श्रीधर, नीरजाचा दीर, कंपनीतली नोकरी सोडून कॅमेरा घेऊन निघून गेला होता. या घरात त्याचं नाव निघणार नाही, असं तात्यारावांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून निघालं नव्हतं.

"तो काय म्हणाला होता, मला आठवतंय," सुशीलाबाई म्हणाल्या. "आई, हात खाली घे. दात दिसू देत, असं म्हणाला. तेवढं लिहितेस का गं? त्याचं नाव नको लिहूस."

"ताई, प्लीज," नीरजा म्हणाली. "बाबा सगळ्यांसमोर वाचतील."

पुस्तक हातात देईपर्यंत कातरण टाकायचं नाही, ही आम्रपालीची सवय. तिने पिशवीतून पाकीट काढलं आणि सावली शोधली. गोंद सोडवायला पट्टीखाली बारीक दोरा सरकवला. पट्टी सुटताना कागद चरचरला. आतला पेपर वाजायचा थांबला.

तिने सावली फरशीवर परत चिकटवली. अर्ध्या चड्डीतल्या पोराची ती सावली, वर केलेल्या कोपरासकट, आता आईच्या परातीपर्यंत पोहोचली. फोटोखाली नवी पट्टी लिहिली, 'आई, हात खाली घे'. शेवटचं अक्षर वाळत होतं तेव्हा तात्याराव दारात उभे होते.

"दाखवा."

नीरजाने पुस्तक पुढे केलं नाही. त्यांनीच वाकून वाचलं.

"अहो बाई," ते आम्रपालीला म्हणाले, "तुम्हाला फोटो चिकटवायला बोलावलंय. घर चिकटवायला नाही."

"फोटो कोणी काढला, तात्याराव?"

त्यांची नजर सावलीवर होती.

"मी सांगितलं तिला," सुशीलाबाई म्हणाल्या.

"तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. कधीच नाही."

तात्यारावांनी चष्मा काढला, परत घातला. "हे पान काढा."

पुस्तक लांब स्क्रूंनी बांधलेलं होतं. ते उघडले की पान अलगद निघतं, खूण राहत नाही. त्यासाठीचा आम्रपालीचा छोटा पेचकस टेबलावरच होता. नीरजाने तो उचलून आम्रपालीपुढे धरला. "आमच्या सोसायटीत अजून तीन घरांना पुस्तक हवंय, ताई," ती पुटपुटली.

आम्रपालीने पेचकस घेतला. सुशीलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पानावर तळवा ठेवला होता, हात खाली, आणि तोंड उघडं. त्या हसत नव्हत्या.

"काढताय ना?" तात्याराव म्हणाले. "की मी फाडू?"

पण त्यांचा हात पुढे आला नाही. फाडायचं तर आधी बायकोचा हात बाजूला करावा लागणार होता.

आम्रपालीने पेचकस पिशवीत टाकला, कात्री टाकली, गोंदाची बाटली टाकली. चपला घातल्या आणि पुस्तक सुशीलाबाईंच्या तळव्याखाली तसंच ठेवून बाहेर पडली.