अकरा एकांचा भागाकार

आमच्या शाळेतले गणिताचे सर निवृत्त झाले आणि एका संख्येच्या नादी लागले. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ओळीनं अकरा एक. दोन एकांच्या संख्येला, म्हणजे अकराला, कशानंच भाग जात नाही. ती मूळ संख्या. तीन एकांपासून दहा एकांपर्यंत प्रत्येकीला कशानं ना कशानं जातो. मग अकरा एकांचं काय? सर लहानापासून एकेक मूळ संख्या घेऊन भागाकार करत, दिवसाला दोन-तीन, सगळे हातानं. एक लाख पाच हजारांच्या जरा पुढपर्यंत भाग गेला नाही, तर ती मूळ ठरणार होती. कॅल्क्युलेटरवर तेव्हा आठच आकडे मावायचे. पुस्तकात उत्तर असेल, असं मी एकदा सुचवलं. सर म्हणाले, "असंल की. पुस्तकाला ठावं हाय. मला कुठं ठावं हाय?"

नव्वदच्या दशकात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचन बंद. एकवीस ते बावीस हजारांमधले शंभरेक भागाकार त्यांनी माझ्यावर सोपवले. मी बी.एस्सी.ला होतो, गणित घेऊन, आणि गावभर अक्कल वाटत फिरायचो. "महिना कशाला सर, आठ दिवसांत देतो!"

सहा भागाकार खरे केले. उरलेले रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खात रचले. उत्तर अंदाजानं, बाकी मनानं. सर नवाचा ताळा घेणार, आकड्यांच्या बेरजा करून तपासणार, हे ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक खोटी बाकी ताळ्यात बसेल अशी निवडली. एवढ्या बुद्धीत निम्मे भागाकार खरे झाले असते. सरांच्या बायकोनं, काकूंनी, आकडे वाचून दाखवले, सरांनी तोंडानं ताळे घेतले. "एक चूक न्हाय! नाव काढशील लेका." मी लाजलो. लाजणंही मला छान जमायचं.

पुढे मीच एका ज्युनिअर कॉलेजात मास्तर झालो. तिथं कॉम्प्युटर आला. मुलांपुढं शान मारावी म्हणून मी अकरा एक टाइप करून अवयव पाडायला लावले. बोट उचलायच्या आत उत्तर आलं : २१६४९ गुणिले ५१३२३९. मुलं टाळ्या वाजवत होती. मी पहिला आकडा पुन्हा वाचला. एकवीस हजार. माझंच पान.

सर तोवर सत्त्याहत्तर हजारांपर्यंत पोचले होते. ऑपरेशन झालेला डोळा अधूच राहिला होता, आता दुसराही गेल्यात जमा होता. मी गप्प बसलो असतो, तर संख्या मूळ आहे असं समजून ते समाधानानं थांबले असते. तीन दिवस मला हेच सोयीचं वाटत होतं. चौथ्या दिवशी गेलो.

"सर, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग जातो."

"जात न्हाय. तू केलायस त्यो."

"केला नव्हता. पहिले सहा केले. बाकीचे मनानं लिहिले."

काकूंचा तांदूळ निवडणारा हात थांबला. सर म्हणाले, "गुणाकार मांड. मोठ्यानं बोल."

मी बोलत गेलो, ते डोळे मिटून ऐकत गेले. शेवटी अकरा एक ओळीनं उभे राहिले.

"दुसरा आकडाबी मूळच," सर म्हणाले. "त्येला सातशे सोळापर्यंतच बघायचं. ते माझ्या पहिल्या वहीतच झालंय." क्षणभर त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. मग उतरला. "आन् बावीस हजाराच्या फुडलं?"

मी गुणाकाराच्या कागदाची घडी घालू लागलो.

"बोल की! मास्तर हायस न्हवं?"

"ते करायची गरज नव्हती, सर."

"व्हय." ते काकूंकडं वळले. "त्या फुडल्या वह्या काढ. ह्येला दे. केल्या म्या, पर ह्येच्या हायत त्या."

दोन पोती भरली. स्कूटरवर पुढं एक, मागं एक बांधून घरी आणली. निदान एक चूक सापडावी म्हणून वर्षभर तपासत होतो. चाळीस हजारांच्या पुढं अक्षर मोठं होत जातं. सत्तर हजारांपाशी एका पानावर एकच भागाकार मावलाय, रेषा सोडून वाकडा गेलेला. बरोबर आहे.