नवं गेमचं मशीन घ्यावं का

माझा धाकटा भाऊ लातूरहून परत आला, तेव्हापासून तो नांदेडला माझ्या खोलीवर राहतो. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत तो पुन्हा राहिला होता. मी शाळेवर शिक्षक आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मीच. तो माझ्याही पुढं जाईल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

आमच्याकडं पोरगं लातूरला शिकवणीला गेलं की गाव त्याच दिवसापासून त्याला ‘डाक्टर’ म्हणायला लागतं. त्यात कौतुकच असतं. पण तो परत आल्यावरही गावाची ती सवय सुटली नाही. म्हणून तो आधी आमच्या गावी, अर्धापूरकडं जाईनासा झाला, मग खोलीबाहेरही.

संध्याकाळी मी शाळेतून आलो की मात्र तो टीव्हीला गेमचं जुनं मशीन लावून बसलेला असायचा. आम्ही क्रिकेट खेळायचो. माझी विकेट काढली की म्हणायचा, "गुरुजी, चला, बाकावर उभे राहा." दिवसभरात तेवढंच त्याचं बोलणं. पण मशीन आता अडकायचं, नवे गेम त्यावर चालत नव्हते. जास्त ताकदीचं घेतलं तर तो थोडा सावरेल, असं माझ्या मनानं घेतलं. एका रविवारी मी त्याला बळंच दुकानात नेलं.

दुकानदारानं नव्या मशीनवर गेम लावला. मैदानातलं गवतसुद्धा हलताना दिसत होतं. भावानं रिमोट हातात घेतला. तेवढ्यात मोबाईलचं कव्हर घ्यायला आलेले गावाकडचे एक काका त्याला पाहून मोठ्यानं म्हणाले, "अरे, डाक्टर! कवा आलाव? दवाखाना कुठं टाकून राहिलाव मग?"

"जागा बघून राहिलो, काका," तो हसून म्हणाला. रिमोट काचेवर ठेवला आणि बाहेर गेला.

मी मागं गेलो. तो माझ्या गाडीजवळ उभा होता.

"घेऊ का रे?" मी तरीही विचारलं.

"नको, दादा. जुनं बी मी खेळत न्हाई."

"रोज तर खेळतोस."

"तुझ्या गाडीचा आवाज आला की लावतो. तुला बरं वाटतं म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद केली आणि ढकलत आणली. खिडकीतून तो दिसला. खाटेवर नुसता बसून होता, टीव्ही बंद. तसंच आत जावं, की मागं जाऊन गाडी चालू करून यावं, मला कळेना.