हिराबाईची सव्वा महिन्याची रजा

हिराबाई बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची. धारवाडात आमच्या माळमड्डीत मराठी घरात बाळ जन्मलं की ते दवाखान्यातून यायच्या आत तिला निरोप जायचा. ती अळणावरकडच्या खेड्यातली. नवरा गेल्यावर एकुलत्या आकाशला सासूजवळ ठेवून ती इथे भाड्याच्या खोलीत राहिली. माझ्या श्रीहर्षला तिनेच न्हाऊ घातलं. पाटावर पाय लांब करून, पोटऱ्यांवर त्याला पालथा घेऊन ती तेल चोळायची. तो रडून लाल व्हायचा आणि मी दाराशी घाबरून उभी.

"अक्का, तुम्ही भाईर जावा बघू," ती म्हणायची. "तुमचं तोंड बघूनच त्यो रडतोय."

तेव्हा तिच्याकडे एका वेळी चार-पाच बाळं असत. ती बाळं मोठी झाली, शिकली, पुण्या-बेंगळूरला गेली आणि त्यांच्या घरची बाळंतपणंही तिकडेच होऊ लागली. श्रीहर्ष टोरांटोला आहे. आमच्या गल्लीत चौदा घरं, पण दोरीवर लंगोट वाळताना पाहिल्याला सहा वर्षं झाली. हिराबाईचं काम मात्र थांबलं नाही. ज्यांनी नातवंडांसाठी तिला बोलावलं होतं, त्यांनाच आता आंघोळ घालायला माणूस लागत होतं. माझ्या सासूबाई, कुसुमावती, नव्वदीला टेकलेल्या. रोज सकाळी आठला ती त्यांना न्हाणीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायची.

"बाळं लाथा मारत्यात, म्हातारी शिव्या देत्यात," ती म्हणायची. "लाथा बऱ्या."

सासूबाई तिला कानडीत एक सणसणीत शिवी देत आणि दोघी हसत सुटत.

आकाश गोव्यात, फोंड्याला, बांधकामावर गेला होता. त्याच्या बायकोला, भारतीला, आई नाही. हिराबाईची सासूही आता हयात नव्हती. म्हणून पहिलं बाळंतपण हिराबाईने गावच्या घरी करायचं ठरलं. सातव्या महिन्यातच हिराबाईने माझ्याकडे सव्वा महिन्याची रजा मागून ठेवली. इतक्या परक्या पोरांना न्हाऊ घातलं, आता घरचं. शिवाय तिला आशा होती, की मूल मांडीवर आलं की आकाशचं मन गावात रमेल, अळणावरात काहीतरी काम बघेल. मी अगदी मनापासून हो म्हटलं होतं.

तिचा फोन बिघडलेला, म्हणून आकाशकडे माझा नंबर होता. एका गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. मुलगी झाली होती. शनिवारी दवाखान्यातून घरी सोडणार होते, ठेकेदार रविवारपलीकडे रजा देत नव्हता, आईला लगेच पाठवा म्हणाला. मी हो म्हटलं, त्याचं कौतुक केलं. आणि हिराबाईला सांगितलं नाही.

हिराबाईच्या रजेसाठी ठरवलेली उणकलची बदली बाई सोमवारी यायची होती. सासूबाई न्हाणीत एकदा पडलेल्या, आमच्या ह्यांच्या कमरेला पट्टा. तीन दिवस एकटीने त्यांना उचलायचं कसं, या धास्तीने मी गप्प बसले. तीन दिवसांनी काय बिघडतंय, असं मनाला सांगत राहिले. शुक्रवारी तिने स्वतःच विचारलं, फोन आला का. मी पोळी लाटत होते. मान न वळवता नाही म्हणाले.

रविवारी सासूबाईंची आंघोळ उरकल्यावर सांगितलं, आताच फोन आला म्हणून. वावडिंग, ओवा, मऊ लुगड्याचे तुकडे तिने केव्हाच पिशवीत भरून ठेवले होते. ती तशीच स्टँडवर गेली.

सोमवारी बदली बाई आली नाही. आठ वाजता दारात हिराबाईच उभी होती. गावच्या घराला कुलूप होतं. आई येत नाही म्हटल्यावर आकाश बायकोला आणि चार दिवसांच्या मुलीला घेऊन रविवारी पहाटेच गोव्याला निघून गेला होता. आता तिकडेच राहू, असं शेजाऱ्यांना सांगून.

तिने पाणी काढलं, सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या पाठीला तेल लावता लावता मला विचारलं, "अक्का, आकाशचा फोन कवा आला हुता?"

"रविवारी."

तिचा हात थांबला नाही. "शेजाऱ्याच्या फोनवरनं बोलले मी. त्यो गुरुवार म्हणतोय."

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"गुरुवारी आला होता," मी म्हणाले. "मी सांगितलं नाही."

"तांब्या द्या हिकडं," ती म्हणाली. "काकूंना गार लागतंय."

नंतर मी स्वयंपाकघरात तिची माफी मागितली. फोंड्याच्या गाडीचं तिकीट मी काढून दिलं, ते तिने घेतलं. सव्वा महिन्यातले दिवस अजून शिल्लक आहेत, एवढंच म्हणाली.

त्याला सहा आठवडे होऊन गेले. गेल्या आठवड्यात आकाशने कळवलं, की भारती कामाला लागणार, मुलीला सांभाळायला आई तिथेच राहील, धारवाडची खोली सोडली आहे. गल्लीतल्या आणखी तीन म्हाताऱ्यांची आता पंचाईत झाली आहे. त्यांच्या सुना मला विचारतात. हिराबाई गोव्याला गेली, असं मी सांगते. सगळेच जातात हो, असं त्या म्हणतात आणि मी मान हलवते.

सासूबाईंना आता मीच आंघोळ घालते. जमतं, हळूहळू जमतं. आज सकाळी त्यांच्या हाताला साबण लावत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला गुरुवारीच सोडली असतीस, तर सव्वा महिन्याने आली असती गं."

मी हो म्हणाले आणि त्यांचा दुसरा हात धुवायला घेतला.