हीटर पेट्रोल पितो

मोटार पेट्रोलवर चालते ही गोष्ट मनातून कधीही मान्य न केलेला मोटारमालक जगात एकच होऊन गेला, तो म्हणजे माझे मामेसासरे. टाकी भरलेली असावी, ती भरलेलीच राहावी आणि गाडी आपल्या पुण्याईवर चालावी, अशी त्यांची साधी अपेक्षा होती. मामा राहायला निफाडला आणि वकिली करायला नाशिकच्या कोर्टात. रोज सकाळी काळा कोट चढवून, मागच्या सीटवर पक्षकार कोंबून ते निघत. उतार दिसला की इंजिन बंद. उतार संपून गाडी रेंगाळायला लागली की, "जरा पुढं झुका हो सगळे," असा हुकूम सुटे, आणि न्याय मागायला निघालेली ती मंडळी खरोखरच पुढे झुकत. एकदा पाठीमागून जोराचा वारा सुटला, तर दोन्ही बाजूंच्या पक्षकारांना दारं शिडासारखी किलकिली धरायला लावून ते चांदोरीपर्यंत आले होते म्हणतात. मी तिथे नव्हतो, पण ऐकून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

ही गाडी विलायती होती. थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या कुणा साहेबाने मायदेशी जाताना ती विकली, आणि हात बदलत बदलत ती मामांकडे आली. तिच्यात एक चीज होती, जी त्या काळी आमच्या भागात कुणाच्या गाडीत नव्हती. हीटर! आता निफाडची थंडी ज्याने खाल्ली आहे त्याला या शब्दाचं मोल कळेल. पौष महिन्यात द्राक्षबागा वाचवायला लोक पहाटे धूर करून बसतात, अंगणातल्या बादलीतलं पाणी हाताला चावतं. अशा गावात हीटरवाली गाडी येणं म्हणजे वाळवंटात विहीर लागणं. फक्त विहिरीवर झाकण होतं आणि झाकणावर मामा बसले होते. "हीटर पेट्रोल पितो," एवढं एकच वाक्य बोलून त्यांनी तो खटका कायमचा बंद केला होता. मामी गाडीत बसायच्या त्या दुलईसकट. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, वकीलसाहेब कापूस पिंजून आणताहेत. एकदा एका म्हाताऱ्या पक्षकाराने कुडकुडत विनवलं, "सायेब, त्ये गरम वारं सोडा की वाईच. लय गारठलो." मामा समोर बघत म्हणाले, "तुमचा दावा दिवाणी आहे. तापायचं कारण नाही."

मी सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, आणि नवा जावई. दोन्ही नात्यांनी उत्साह भरपूर. पहिल्याच दिवाळीला मी मामांना समजावायला बसलो. इंजिन तापतं, ते थंड ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरतं, त्या पाण्यातली ऊब नाहीतरी वाऱ्यावर जाते. हीटर ती फक्त आत आणतो. पेट्रोलचा काही संबंध नाही. मात्र इंजिन आधी चांगलं तापलेलं हवं, नाहीतर हीटर गार वाराच फेकणार. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"ती ऊब आत ढकलतं कोण?"

"छोटासा पंखा असतो, मामा."

"तो कशावर चालतो?"

"बॅटरीवर."

"बॅटरी कोण भरतं?"

"डायनॅमो. इंजिन फिरलं की तो फिरतो."

"आणि इंजिन?"

"अहो, पण थेंबभर जास्त लागेल फार तर!"

"आरोपी गुन्हा कबूल करतोय," मामा मामींकडे वळून म्हणाले. "थेंबे थेंबे तळे साचे, जावईबापू!"

एवढ्यावर थांबले असते तर ते मामा कसले? पुढच्या रविवारी आम्ही प्रयोग केला. पिंपळगाव बसवंतला जाताना हीटर बंद, येताना चालू, आणि टाकीत काठी बुडवून मोजमाप. येताना पेट्रोल खरोखरच जास्त लागलं. पण येताना गाडीत कांद्याच्या गोण्या होत्या, आणि त्या गोण्यांचा मालक होता, जो गोण्यांपेक्षा वजनदार होता. मी हे निदर्शनास आणून दिलं, तर मामा म्हणाले, "साक्षीदाराच्या वजनावरून साक्ष नाकारता येत नाही."

पुढच्या हिवाळ्यात सुमन, माझी बायको, बाळंतपणाला निफाडला मामांकडे गेली; तेच तिचं माहेर. दिवस भरायच्या आधीच एका रात्री ती अडली; निरोप मिळताच मीही पोचलो. गावातल्या लहानशा दवाखान्यात मुलगी झाली ती पसाभर. डॉक्टर बाहेर आले ते चेहरा पाडून. "हिला नाशिकला हलवायला हवं. उजाडलं की निघा. एकच सांगतो, वाटेत ऊब तुटता कामा नये."

मी वळून पाहिलं तर मामा जागेवर नव्हते. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला. मामींना विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. खरं सांगतो, त्या घटकेला माझ्या मनात त्यांच्याविषयी फार वाईट विचार आले. थोड्या वेळाने गाडीचा आवाज जवळ आला, दवाखान्यावरून पुढे गेला, परत आला, पुन्हा गेला. बाहेर उसावर दहिवर पडलं होतं आणि हा माणूस पिंपळगावच्या रस्त्यावर रिकामी गाडी पळवत होता.

उजाडता उजाडता गाडी दाराशी लागली. मामांनी मागचं दार उघडलं, तसा आतून भाकरीच्या तव्यावरून यावा तसा उबदार झोत तोंडावर आला.

"गार इंजिन गार वारा फेकतं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" ते म्हणाले. "तापवून आणलंय. पोरीला घ्या लवकर."

भलत्या वेळी भलतंच माझ्या तोंडातून गेलं. "मामा, हीटरने पेट्रोल जास्त लागत नाही हो."

"लागतं," मामा म्हणाले. "लागू दे."

माझ्या इंजिनिअरिंगप्रमाणे ती ऊब फुकटची होती. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे मात्र टाकीला भोक पडलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने पाडलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी या विषयावर वाद घातला नाही.

मुलगी वाचली. पुढे धडधाकट झाली, आणि मामा आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढली. मामा एका उन्हाळ्यात, फारसा त्रास न देता, गेले. ती सकाळ लेकीने आमच्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की तिला तोंडपाठ आहे. तरी मध्येच ती विचारते, "वाटेत आजोबा काय म्हणत होते?" काहीच नाही, असं मी सांगतो. खिडक्या बंद, सुमनच्या पदराखाली तू, आणि कोट घातलेले मामा घामाने निथळत होते. पण काच खाली करायला हात पुढे गेला नाही. तोंडाचा पट्टा कधी न थांबलेला तो वकील निफाडपासून नाशिकपर्यंत एक अक्षर बोलला नाही. फक्त मधून मधून गाडी हळू करायचा आणि मान वाकडी करून तुझा श्वास ऐकायचा.