चौसष्टचा डबा, चारची फळी

इंद्रनील काय काम करतो असं कुणी विचारलं, की मी सरळ सांगते, माझा नवरा डिस्कचा छळ करतो. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या एका कंपनीत तो फाइल सिस्टीम टेस्ट करतो. डिस्कवर फायली लिहायच्या, लिहिता लिहिता मध्येच वीज तोडायची आणि पुन्हा चालू करून काय शिल्लक राहिलं ते बघायचं. एवढ्यासाठी वर्ध्याचा हा मुलगा पुण्यात इंजिनियर झाला आणि बायको-मुलीला घेऊन इथे आला.

गेली काही वर्षं त्याच्या टीमला एकाच गोष्टीनं पछाडलं होतं. ती त्यानं मला स्वयंपाकघरात समजावली, कारण दुसरीकडे कुठे मी ऐकून घेत नाही. डिस्क आपला माल डब्यांत भरते. त्या डब्याला हे लोक ब्लॉक म्हणतात. कॉम्प्युटरच्या मेमरीत फळ्या असतात, त्या पेजेस. साध्या लॅपटॉपची फळी चार केबीची. डबा चारचा असेल तर नीट बसतो. चौसष्टचा असला की लॅपटॉप हात वर करतो. डिस्क चांगली, माल चांगला, पण उघडायलाच नकार. सोळा फळ्या जोडून एक करायची आणि त्यावर मोठा डबा ठेवायचा, अशी सोय लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये येऊ घातली होती. ती कुठे डगमगते हे शोधणं इंद्रनीलच्या वाट्याला आलं होतं.

"आणि डबा अर्धाच भरला असेल तर?" मी विचारलं होतं.

"उरलेल्या जागेत शून्यच हवं. आधीच्या फायलीतलं काही तिथे दिसलं, की बग."

म्हणजे जुनं काही डोकावत नाही ना, हे बघण्याचा हा माणूस पगार घेतो. आणि घरी त्याचा सगळा जीव एका जुन्या डिस्कमध्ये अडकलेला.

ती डिस्क आमच्या प्रेसमध्ये चहा-साखरेच्या मागे होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. पुण्यात असताना घरच्या व्हिडिओंसाठी यानं एक छोटा खोका आणला होता, वेगळ्याच प्रोसेसरचा, चौसष्टच्या फळ्यांचा. डिस्क फॉरमॅट करताना साहेबांनी डबाही चौसष्टचा निवडला, मोठ्या फायली सुसाट जाव्यात म्हणून. साधा माणूस समोर येईल त्याला ओके करून मोकळा होतो. ही चूक करायला फाइल सिस्टीमवालाच लागतो. इथे आल्यावर एका हिवाळ्यात त्या खोक्याचा बोर्ड जळला. डिस्क धडधाकट होती, पण घरातला एकही लॅपटॉप ती उघडेना. जुने फोन तोवर रिकामे करून विकून झाले होते.

त्या डिस्कवर आमची श्रावणी होती. अडीच वर्षांची, मराठीत अखंड बडबडणारी.

आता ती अकरा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर येतं ते कॉर्कच्या हेलातल्या इंग्लिशमध्ये. दर रविवारी वर्ध्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल असतो. "जेवली का वं बाई?" त्या विचारतात. ही म्हणते, "आय'म ग्रँड, आजी. हॅड अ टोस्टी, लाइक." सासूबाई मुलाकडे वळतात. "काय म्हणून राह्यली रे पोट्टी?" मग इंद्रनील भाषांतर करतो, मजेत आहे, भाजलेलं सँडविच खाल्लंय. आपल्याच आईला आपलीच मुलगी समजावून सांगताना त्याचा चेहरा मला बघवत नाही. त्याला तिच्या तोंडून मराठी ऐकायचं आहे. याहून जास्त त्याला काही हवंय असं मला आजवर दिसलेलं नाही.

डिस्क उघडली की सगळं जमून येईल, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. श्रावणी स्वतःचा आवाज ऐकेल, तिला आठवेल, जीभ वळायला लागेल. मी म्हणायचे, "अरे, एखाद्या दुकानात दे. डेटा काढून देणारे असतात की." ऑफिसात मोठ्या फळ्यांची मशीन होती, पण घरची डिस्क आत न्यायला बंदी.

"उपाय आहेत गं," तो म्हणायचा. "पण ओरबाडून नको. आमचंच काम आहे, होतच आलंय."

मला वाटतं, वाट बघणंच त्याला सोपं जात होतं. डिस्क बंद होती तोवर आशा शाबूत होती.

शेवटी ती सोय झाली. एका रविवारी दुपारी लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकून तो डायनिंग टेबलाशी बसला. डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जाऊ नये म्हणून त्यानं ती फक्त वाचण्यापुरती जोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फोल्डरांची नावं सरसर खाली उतरली. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो आणि मला रडूही आलं. त्यानं श्रावणीला हाक मारली.

पहिल्याच व्हिडिओत पुण्याचं आमचं स्वयंपाकघर होतं. फ्रिजला टेकून श्रावणी उभी. "बाबा, पानी दे." तेव्हा आमच्याकडे राहून वर्ध्याच्या आजीनं सांभाळलेली, म्हणून पानीच म्हणायची.

कॅमेऱ्यामागून इंद्रनीलचा आवाज आला, तरुण आणि उत्साही. "पानी नाही, वॉटर. आपण आयर्लंडला जाणार ना? वॉटर म्हण."

"पानी दे ना, बाबा."

"वॉटर म्हण, मग देतो."

तिनं ओठ काढला. फ्रिजच्या दाराला लोंबकळली. तो हसत होता, मागे सासूबाईही हसत होत्या. शेवटी ती म्हणाली, "वॉतल." टाळ्या वाजल्या, ग्लास पुढे आला आणि तिनं तो घटाघटा रिकामा केला. दुसऱ्या व्हिडिओत कावळा होता, तिसऱ्यात चप्पल. खेळ तोच.

"गॉड, आय वॉज रिअली थर्स्टी," श्रावणी म्हणाली. रागानं नाही, सहज. बाबाच्या खांद्यावर थोपटून ती वर आपल्या खोलीत गेली.

इंद्रनीलनं लॅपटॉप मिटला. "आपोआप नाही गेलं गं ते, रेवती," तो म्हणाला. "मी घालवलं."

पुढच्या रविवारी नेहमीसारखा कॉल आला. सासूबाईंनी विचारलं, श्रावणीनं इंग्लिशमध्ये उत्तर दिलं, यानं भाषांतर केलं. 'मराठीत सांग ना,' हे त्याचं नेहमीचं वाक्य मात्र आलं नाही. तो उठला, नळाचं पाणी ग्लासात भरलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिनं मागितलं नव्हतं.

श्रावणी ग्लासाकडे बघत राहिली, मग बाबाकडे. दोन घोट प्यायली आणि फोनकडे वळली.

"आजी," ती म्हणाली आणि अडली. शब्द शोधत होती. सासूबाई तिकडे थांबल्या होत्या, हा इकडे, पण कुणीही तिला शब्द सुचवला नाही. माझी भाजी गॅसवर होती. मी चिमणीचा पंखा बंद केला. एखादा शब्द आलाच, तर तो त्या घरघरीत हरवायला नको होता.