लाभार्थी कोण?

मंडळी, माझ्या प्रबंधातला एक शब्द आज निरगुडसरच्या एका मावशींनी खोडायला लावला.

मी मंचरच्या एका संस्थेत काम करते आणि सोबत लोकप्रशासनात एम.ए. करतेय. प्रबंधाचा विषय आहे गावची नळयोजना. सकाळी शेवंतामावशींच्या ओट्यावर प्रबंधाच्या पाहणीचा फॉर्म भरायला बसले आणि सवयीने विचारलं, "मावशी, लाभार्थीचं पूर्ण नाव सांगा."

"लाभार्थी कोण?"

"तुम्हीच की."

"मी न्हाई. टाकीपासून पाइपाची चारी आमी बायांनी खांदली. मग आमाला लाभ दिला कुणी?"

वर्गात लोकसहभागावर सगळ्यात तावातावाने मीच बोलते. तरी फॉर्म तयार करताना हाताने तोच शब्द लिहिला होता.

"मग काय लिहू?"

"मालकीण लिव."

तिथेच बसून सगळे फॉर्म दुरुस्त केले. दुपारी मार्गदर्शक सरांना फोन केला, तर म्हणाले, "अहो, असा रकाना सरकारी कागदात कुठंच नसतो. परीक्षक विचारतील."

म्हटलं, विचारू देत सर. चारी कुणी खांदली ते मी नावानिशी सांगेन.

तुमच्या गावच्या कागदांवर तुम्ही कोण आहात, एकदा बघा बरं.